शेवंतामावशींची घरपट्टी

हलगी तापवायला सदूनं आमच्याच कचेरीतली जुनी पावतीपुस्तकं पेटवली होती. नगरपरिषदेच्या आवारात, पाण्याच्या टाकीखाली, सकाळी नऊ वाजता त्यानं जाळ केला आणि हलगीचं तोंड त्यावर फिरवायला लागला.

"मुकुंदभाऊ, सरकारी कागद लई गुणाचा. काडी दावली की पेटतोय," तो म्हणाला.

"पेटव बाबा. लोकांनी भरलेल्या पट्टीचा कुणाला तरी उपयोग होऊ दे," मी म्हणालो.

अशी तोंडपाटीलकी करायची मला सवयच होती. वसुली लिपिकाला दुसरं असतं काय? चोवीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन 'पट्टी भरा' म्हणायचं आणि शिव्या खायच्या. थट्टा केली नाही तर माणूस खुळा होईल. पण त्या सकाळी माझी थट्टा तेवढ्यावरच थांबली, कारण साहेब जिना उतरून आले आणि त्यांनी माझ्या हातात यादी दिली.

साहेब म्हणजे आमचे नवे मुख्याधिकारी. वय तिशीचं, अंगात पाणी, आणि नव्वद टक्के वसुली झालीच पाहिजे असं डोक्यात घेतलेलं. "परीट, चव्वेचाळीस नावं आहेत. प्रत्येक दारात हलगी वाजवायची. पैसे मिळाले की हलगी बंद, पुढचं दार. एकतीस मार्चला नऊ दिवस राहिलेत. मी स्वतः बरोबर येतोय."

मी यादीवरून बोट फिरवलं. अकराव्या ओळीवर बोट अडलं. दिवटे शेवंताबाई रामचंद्र. घरपट्टी, पाणीपट्टी आणि उशिराच्या दंडाची शास्ती मिळून पाच हजार तीनशे चाळीस.

पूर्वी यादी मी हातानं लिहायचो. एखादं नाव राहिलं तरी कुणाच्या बापाला कळत नव्हतं. त्या वर्षी कॉम्प्युटर आला होता, आणि त्याला कुणाची भीड नव्हती.

शेवंतामावशींनी ही पट्टी भरली होती. वर्षापूर्वी, माझ्या हातात, रोख. आणि ते पैसे मी खाल्ले होते. खाल्ले म्हणजे खाल्ले, त्याला दुसरा शब्द नाही.

आता मावशी कोण ते सांगतो. कुंभारवेशीच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खणांचं घर. पुढच्या खणात पिठाची गिरण, मागच्या खणात बिऱ्हाड. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. गिरण नवऱ्यानं घातलेली, ती त्यांनी तीस वर्षं चालवली. केसाला पीठ, भुवईला पीठ. गावातल्या बाया डबा ठेवून जायच्या आणि मावशी कुणाचं काय दळण, जाड की बारीक, हे न विचारता दळून ठेवायच्या.

त्यांचा दीर भगवान दिवटे. समोरच्या बाजूला त्याचं टायरचं दुकान. त्याचं म्हणणं, घर वडिलार्जित आहे, आपलंच आहे, वहिनी फक्त राहते. कोर्टात दावा होता. मावशींच्या वकिलांनी त्यांना एकच गोष्ट पढवली होती. "बाई, घर सोडू नका आणि पावती चुकवू नका. पट्टी दरसाल तुम्ही भरताय, तोवर दिराची डाळ शिजणार नाही."

हे भगवानलाही कळत होतं. एका सालात तो एक एप्रिलला सकाळी आमची खिडकी उघडायच्या आत येऊन उभा राहिला आणि मावशींच्या आधी पट्टी भरून, पावतीवर स्वतःचं नाव घालून मोकळा झाला. एकदा पट्टी भरली की त्याच घराची दुसऱ्याकडून घेता येत नाही. मावशी दहा वाजता आल्या, तर मी त्यांना काय सांगणार? बाई तिथंच पायरीवर बसून रडल्या. ती पावती पुसायला वकिलांना दोन वर्षं लागली.

तेव्हापासून आम्ही दोघांनी एक रीत पाडली. तीस मार्चला मावशी पुढच्या सालाचे पैसे माझ्याकडं आणून ठेवायच्या. एक एप्रिलला नवं पुस्तक उघडलं की पहिली पावती मी त्यांची फाडायचो, मग खिडकी उघडायचो. आगाऊ भरल्याबद्दल पाच टक्के सूटही मिळायची. मावशी म्हणायच्या, "ती सूट न्हवं बाबा, तुझ्या हातचं बक्षीस." सहा वर्षं हे असं चाललं. भगवान दोन-तीन वर्षं चकरा मारून थकला आणि यायचा बंद झाला. नियमात ही रीत बसत नव्हती. पण नियमात बसत नसलेली ही एकच चांगली गोष्ट मी नोकरीत केली, असं मी अभिमानानं कमलला सांगायचो.

कमल माझी बायको. मावशींचे पैसे खाल्ले त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर तिच्या गळ्याला गाठ आली आणि आमचं घर मिरजेच्या इस्पितळाच्या वाटेवर लागलं. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. मी पहाटेची एसटी धरायचो, संध्याकाळी परत यायचो, मध्येच कचेरीत तोंड दाखवायचो.

त्याच दिवसांत आमचे लेखापाल इनामदार सगळ्यांच्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेले. विम्याच्या पावत्या, घरकर्जाचा दाखला, औषधपाण्याचे कागद, जे काही आयकरातून वजा करून घ्यायचं असेल त्याचे पुरावे पंधरा जानेवारीपर्यंत द्या. माझे कागद होते. सगळे एका पिशवीत, खुंटीला टांगलेले. फक्त डॉक्टरांचा दाखला राहिला होता. तो आला की एकदम देऊ म्हणून मी थांबलो. इनामदार विचारायचे, "परीट, कागद?" मी म्हणायचो, "उद्या." तो उद्या काही उजाडला नाही.

फेब्रुवारीचा पगार झाला. सोसायटीचं कर्ज वगैरे कापून एरवी हातात पंधरा हजार यायचे. त्या महिन्यात आले तीन हजार दोनशे.

मी तडक इनामदारांच्या टेबलावर गेलो. "हा काय प्रकार आहे?"

"कर कापलाय. वर्षाचा, एकदम."

"पण माझा कर बसतच नाही! वजावट धरली तर..."

"वजावट कशावर धरू? तुमच्या तोंडावर?" इनामदार चष्म्यावरून बघत म्हणाले. "परीट, तुम्ही अख्ख्या गावाला सांगता, वेळेत भरा, सूट मिळवा. मीही तुम्हाला तेच सांगितलं. तीनदा सांगितलं."

"मी मिरजेला होतो हो."

"मला माहीत आहे. पण सरकारला मिरज माहीत नाही." मग त्यांचाही आवाज उतरला. "रिटर्न भरा. सगळा परतावा मिळेल. पैसे कुठं जात नाहीत, फक्त उशिरा येतात."

दुसऱ्याला 'वेळेत' शिकवणारा मी, आणि माझ्याच खुंटीला पिशवी लटकत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मार्च मी उसनवारीवर काढला. मेहुण्याकडून घेतले, दुकानदाराकडून घेतले, शेजारच्या मास्तरांकडून घेतले. एकतीस तारखेला कमलचं इंजेक्शन होतं आणि मला मागायला कुणाचं दार उरलं नव्हतं.

तीस तारखेला मावशी आल्या. पदराच्या गाठीतून नोटा काढल्या. चार हजार शंभर. नोटांना पिठाचा वास.

"मोजून घे रं मुकुंदा."

"मोजायचे काय मावशी?"

"मोज की. माझं मोजणं गिरणीतलं. येखादी नोट उडाली बिडाली असंल." आणि मग खुर्चीला टेकून म्हणाल्या, "कमळ कशी हाय?"

"उद्या इंजेक्शन आहे."

"देव बघंल सगळं," म्हणाल्या आणि गेल्या.

मी ते पैसे ड्रॉवरमध्ये ठेवले. संध्याकाळी ड्रॉवर उघडून खिशात घातले. चार दिवसांचा प्रश्न आहे, मी स्वतःला सांगितलं. पगार झाला की भरू.

एक एप्रिलला मावशी पावतीला आल्या. त्याच दिवशी कॉम्प्युटरची खोकी टेबलावर येऊन पडली होती. मी खोक्यांकडं बोट दाखवलं. "मावशी, यंदापासून पावत्या ह्यातून निघणार. वेळ लागेल."

"म्हंजे पहिला नंबर कुनाचा?"

"तुमचाच. माझ्याकडं पैसे आले म्हणजे भरल्यातच जमा."

"मग झालं," असं म्हणून त्या निघून गेल्या.

एप्रिलचा पगार झाला तो घेणेकऱ्यांनी दारातच घेतला. मेमध्ये औषध बदललं, ते आधीपेक्षा महाग निघालं. वर्षभरात मावशींनी मला तीनदा विचारलं आणि तीनदा मी कॉम्प्युटरवर ढकललं. इनामदार म्हणाले तसा परतावा डिसेंबरात आला, अकरा हजार आठशे. मी बँकेतून काढले. त्यातले पाच हजार वेगळे ठेवायचे असं ठरवून काढले, देवाशपथ. पण त्याच दुपारी कमलला श्वास लागला. गाडी करून मिरजेला नेली आणि रात्री परत आलो तेव्हा खिशात चिल्लर होती. चार हजार शंभर ही काय रक्कम झाली, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणतो. पण ती कधीच माझ्या हातात एका वेळी राहिली नाही.

तर त्या सकाळी यादी हातात घेऊन मी पहिला इनामदारांकडं पळालो. "पाच हजार द्या. आत्ता."

"कशाला?"

मी नुसता हात पुढं धरला. ते माझ्याकडं बघत राहिले, मग पाकीट काढून पंधराशे दिले. "एवढेच आहेत." माझ्याजवळ सातशे होते. बाहेर येऊन मी नोटा मोजत होतो तर सदूनं हलगी मांडीवर ठेवली आणि न विचारता कनवटीचे तीनशे काढून पुढं केले. त्याच्या दिवसाच्या सुपारीची उचल होती ती. मी घेतली. झाले अडीच हजार.

मग साहेबांना गाठलं. "साहेब, या अकरा नंबरच्या बाई दरसाल सगळ्यात आधी भरतात. नोंद करताना काहीतरी गफलत झाली असणार. यांचं दार आज वगळू या."

"मग त्यांच्याकडं पावती असेल."

"असेल... म्हणजे..."

"मग दारात गेल्यावर दाखवतील. हाय काय अन् नाय काय. चला."

"निम्मे आज भरून घेऊ का साहेब?"

"परीट, हप्ते नकोत. तुम्हाला या बाईंचा पुळका कशासाठी?"

चोराच्या मनात चांदणं. त्यांनी सहज विचारलं होतं, पण मला वाटलं की यांना सगळं कळलंय.

वरात निघाली. पुढं सदू आणि त्याचे दोन जोडीदार, मागं साहेब, मग पावतीपुस्तक काखेत घेऊन मी. फिरत्या वसुलीला हातानं पावती फाडायची मुभा ठेवली होती. पहिलं दार स्टँडजवळच्या लॉजवाल्याचं होतं, थकबाकी सव्वादोन लाख. हलगीवर टिपरी पडायच्या आत साहेबांचा फोन वाजला. साहेब चार वेळा 'हो सर' म्हणाले आणि आम्हाला म्हणाले, "हे नंतर बघू." पुढं कुठं कुलूप, कुठं बाचाबाची, तिघाचौघांनी निमूट पैसे काढले. ऊन चढत गेलं आणि साहेबांचा पारा त्याच्या आधी चढला. अकराव्या दाराशी पोचलो तेव्हा त्यांना एका तरी दारात हिसका दाखवायचा होता.

सदूनं हलगी सुरू केली, पण आत गिरण चालू होती. गिरणीच्या घरघरीत हलगी बुडाली. दोन मिनिटं मावशींना पत्ताच नाही. दळणाला आलेल्या बायांनी आत जाऊन खांद्याला हलवलं, तेव्हा पट्टा बंद झाला. मग एकदम हलगीच हलगी ऐकू आली. मावशी पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. मला बघून हसल्या.

"मुकुंदा! कुनाचं लगीन काढलंस रं माझ्या दारात?"

बाया खिदळल्या. मला हसता आलं नाही.

साहेबांनी हात वर केला, हलगी थांबली. "शेवंताबाई दिवटे तुम्हीच ना? तुमची घरपट्टी थकलीय. पाच हजार तीनशे चाळीस."

मावशी गोंधळल्या. "माझी? न्हाई ओ सायेब. मी कधी ठिवत न्हाई. मी दिल्यात पैसं, गेल्या मार्चातच."

"कुणाकडं दिलेत?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात अजून संशय नव्हता. हा आता बोलेल आणि मिटेल, एवढंच होतं. "मुकुंदा, सांग की ह्यास्नी," त्या म्हणाल्या.

बोलायला एक वाक्य लागलं असतं. मी सगळं डोळ्यांपुढं बघितलं. निलंबन, पोलिस, पगार बंद, आणि कमल खाटेवर. अठ्ठावीस तारखेला तिचं इंजेक्शन होतं. माझ्या तोंडातून आलं ते हे:

"पावती आहे का मावशी?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, आता शिवी घालतील, पायतान काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "पावती न्हाई माझ्याकडं."

"मग कुणाकडं दिले म्हणता?" साहेबांनी परत विचारलं.

"ध्यानात न्हाई."

"हे बघा, असं चालत नाही. वाजव रे!"

सदूनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यानं वाजवायला सुरुवात केली, पण हात राखून, जोर न लावता. कुंभारवेस गोळा झाली. मावशी उंबऱ्यात उभ्या. "दोन दिस द्या सायेब, दळनाची उधारी गोळा करते," असं त्या एकदाच म्हणाल्या. साहेबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तेवढ्यात समोरून भगवान दिवटे आला. हाताचं काळं फडक्याला पुसत, सावकाश, घाई नसल्यासारखा.

"थांबवा ती हलगी!" तो ओरडला. "दिवट्यांच्या दारात हलगी? आम्ही काय मेलो का?" मग साहेबांकडं वळून एकदम मऊ. "सायेब, ही माझी वयनी. बाईमाणूस, एकटी, हिशेब जमत न्हाई तिला. घर आमचं, अब्रू आमची. किती झालं?"

"भगवान, तू नगं भरू!" मावशी पुढं आल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. "सायेब, त्याचं घेऊ नका! माझं घर हाय. मी भरनार. गिरण इकून भरते, पर त्याचं घेऊ नका!"

"बाई, पैसे कुणाचे याच्याशी नगरपरिषदेला कर्तव्य नाही," साहेब म्हणाले. "पैसे देणाऱ्याला आम्ही नको कसं म्हणणार?"

मी साहेबांच्या कानाशी गेलो. "साहेब, कोर्टात दावा आहे. यांचे पैसे घेऊ नका."

"स्थगिती आहे का?"

"नाही, पण..."

"मग लिहा पावती."

भगवाननं दुकानातून गल्ला मागवला. पाच हजार तीनशे चाळीस मोजले. "पावतीवर हस्ते म्हणून माझं नाव घाला. भगवान बाळकृष्ण दिवटे. कंसात दीर लिहा." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणायचे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

आम्ही निघणार तोच भगवान म्हणाला, "सायेब, म्होरल्या सालाची बी आत्ताच भरली तर? काय सूट बिट असती म्हनं."

साहेबांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा खुलला. "पाच टक्के! यंदापासून आगाऊ पट्टी मार्चातच घेतोय. बघा, असे नागरिक पाहिजेत. परीट, आगाऊची दुसरी पावती फाडा."

मी दुसरी पावती फाडली. मावशी बघत होत्या. मग आत गेल्या. परत गिरणीचा आवाज येईल म्हणून मी थांबलो, पण तो आला नाही. त्या दिवशीची वसुली एक लाख बारा हजार झाली. साहेबांनी सगळ्यांना वडापाव दिला.

मे महिन्यात मी सोसायटीचं नवं कर्ज उचललं आणि पैसे घेऊन कुंभारवेशीत गेलो. गिरणीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, दिरानं पावत्या दाखवून विजेचा मीटर आपल्या नावावर मागितलाय, रोज दारात येऊन तमाशा करतो. मावशी कंटाळून कराडकडं भाचीकडं गेल्या. वकिलांनी त्यांना घर सोडू नका म्हणून सांगितलं होतं. आता घरही सुटलं आणि पावतीही. मी पैसे परत घेऊन आलो. ते कमलच्या औषधाला गेले.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी चार दिवस कमल गेली. इतकं सगळं करून मला तिचे सात-आठ महिने मिळाले. त्यांतले निम्मे ती दुखण्यानं ओरडत होती.

दावा पुढच्या सालच्या भाद्रपदात निकालावर आला. मला नगरपरिषदेचं रेकॉर्ड घेऊन साक्षीला बोलावलं. घरातून निघताना मी कमलच्या फोटोला सांगितलं, आज बोलणार. आता माझी कुणाला गरज नव्हती. नोकरी गेली तर गेली. मी खरंच ठरवून गेलो होतो.

भगवानच्या वकिलांनी मला चार प्रश्न विचारले. त्या साली शेवंताबाईंनी पट्टी भरल्याची नोंद आहे का? नाही. थकबाकी कुणी भरली? भगवान दिवटे यांनी. पुढच्या सालाची? त्यांनीच. पावतीवरचं अक्षर कुणाचं? माझं. मी खरं तेच बोललो, एकही शब्द खोटा नाही. मग मी मावशींच्या वकिलांकडं बघितलं. एक प्रश्न विचारा, मी मनात म्हणत होतो. फक्त एक. ते अर्धवट उठले, मावशींकडं बघितलं. मावशींनी नको म्हणून मान हलवली. "प्रश्न नाहीत," ते म्हणाले आणि बसले. आणि मी, बोलायचं ठरवून आलेला, पिंजऱ्यातून खाली उतरलो. कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. एवढीच माझी हिंमत.

नंतर मावशी पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. पिठाशिवाय मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो. केस पांढरेच होते.

"त्या दिवशी दारात तुम्ही म्हणालात, पैसे दिलेत. कुणाला दिले होते?" भगवानच्या वकिलांनी विचारलं.

"तसं म्हनले असंन."

"दिले होते की नव्हते?"

"न्हवतं दिलं. ऱ्हायलं भरायचं."

खाली भगवान खुर्चीत सरळ झाला. मावशींच्या वकिलांनी कागद मिटले.

निकाल आठवड्यानं भगवानच्या बाजूनं लागला, पण तो त्या क्षणीच लागला होता. साक्षी संपल्यावर बाहेर पडलो तर मावशी पायरीवर बसून पायात चप्पल घालत होत्या. मला बघून त्यांनी शेजारी हात ठेवला, बस म्हणून. मी उभाच राहिलो.

"मावशी, तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

"घेऊन काय झालं असतं? तुला आत टाकलं असतं." त्या चपलेचा अंगठा ओढत होत्या. "मला त्याच दिशी उमगलं. तू पैशाचा लोभी न्हाईस, मला ठावं हाय. म्हनलं, ह्याला आडलंय म्हंजे कमळचंच काय तरी असनार. तुझा पगार गेला तर तिला कोन बघनार? माझं काय, एकटा जीव, कुठंबी टेकते. घरासाठी बाईचा जीव घालवू व्हय?"

मला हुंदका आला. मी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं असावं, मी लाजलो.

"रडू नगं. आता बरी हाय न्हवं कमळ?"

समोर एसटीची पाटी लागली होती, कराड. मावशी उठल्या, पदर खोचला आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघत थांबल्या.

"बरी आहे," मी म्हणालो. "हिंडती-फिरती आहे. तुमची आठवण काढते."

"मग झालं," मावशी म्हणाल्या, आणि हसून गाडीकडं चालू लागल्या.